सुट्टीचा नंबर

चैतालीच्या लेखी ते काम अर्ध्या तासाचं होतं.

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या ज्या कंपनीचे कॉम्प्युटर ती सांभाळायची, ती कंपनी वायरींचे हार्नेस बनवायची. गाडीच्या पोटात रंगीबेरंगी वायरींचा जो जुडगा असतो ना, तो. कंपनीत अडीचशे माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. आणि कंपनीची आतल्या आत चालणारी एक साइट होती. सुट्टीचा अर्ज, हजेरी, बसच्या वेळा, कॅन्टीनमध्ये गुरुवारी भाजी कोणती, सगळं तिच्यावर. बाहेरच्या जगाला ती दिसत नसे. कंपनीच्या वायफायवर असाल तरच उघडायची. फक्त तिला नाव नव्हतं. होता तो नुसता आकडा, १९२.१६८.१०.४२. ज्या यंत्रात ती साइट ठेवलेली होती त्या यंत्राचा घरक्रमांकच म्हणा.

"हा आकडा कोणाच्या बापाच्या लक्षात राहणार आहे?" एचआरचे हर्षल सर त्या दिवशी वैतागून म्हणाले. "पुण्याहून निरोप आलाय, पाडव्यापासून कागदी अर्ज बंद. टेपिंग लाइनवर बावीस बायका आहेत, त्यातल्या तिघींनी यंदा साइट उघडलीय. तिघींनी! तू तिला चांगलंसं नाव दे. 'एम्प्लॉयी कनेक्ट' वगैरे काहीतरी."

"नाव देणं सोपं आहे सर. आपल्या राउटरमध्ये एक ओळ लिहायची, की हे नाव म्हणजे हा आकडा. पण त्या उघडत का नाहीत ते आधी विचारून येते."

"विचार, विचार. चैत्राच्या सुट्ट्यांचा फॉर्म येत्या सोमवारी एक वाजता उघडणार आहे. त्याआधी झालं पाहिजे."

जेवणाच्या सुट्टीत चैताली कॅन्टीनमध्ये गेली. टेपिंगच्या बायका खिडकीकडच्या लांब टेबलाशी बसायच्या. डबे उघडले होते, ठेच्याचा वास सुटला होता.

"या मॅडम, या," मोहिनी म्हणाली. लाइनवरची ही सगळ्यांत तिखट जिभेची. "कॉम्प्युटर सोडून आज आमच्यात? करंट गेला का काय?"

"करंट आहे. मला एक सांगा, सुट्टीची साइट तुम्ही का उघडत नाही?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणी चपातीचा तुकडा मोडला, कोणी पाण्याचा घोट घेतला. मग टेबलाच्या टोकाशी बसलेल्या लंकाबाई हळूच म्हणाल्या, "उघडायची म्हंजी? मी तर नंबर लावते. लागतच नाय."

लंकाबाईंना चैताली ओळखायची ती त्यांच्या अंगठ्यामुळे. सत्तावीस वर्षं वायरींना टेप गुंडाळून त्यांच्या बोटांच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. हजेरीचं यंत्र त्यांचा अंगठा घेतच नसे. रोज सकाळी त्या यंत्रासमोर अंगठा धरून, देवाला हात जोडावा तशा शांत उभ्या राहायच्या. शेवटी चैतालीनं त्यांना कार्ड करून दिलं होतं. पुढल्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या.

"नंबर लावता म्हणजे, मावशी?"

लंकाबाईंनी पदराला हात पुसले, फोन काढला आणि यादी सरकवून तिच्यापुढे धरला. यादीत 'आक्का', 'आशाताई', 'कंपनी सुट्टी'. त्या नावावर बोट ठेवून त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मध्ये धरला. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा.'

१९२१६८१०४२. मोजून दहा आकडे. मोबाइलच्या नंबरासारखेच.

चैतालीला हसू फुटलं. टेबलावरच्या दोघी-तिघीही हसल्या, लंकाबाईही त्यांच्यात हसल्या. "मला काय ठावं? दहा आकडं म्हंजी फोनच ना. मधले ठिपके मला वाटलं, शाईचे पडलेत."

मोहिनी मात्र हसली नाही. "हसा," ती म्हणाली. "गेल्या चैतात चार दिवस लावला तिनं हा नंबर. यात्रेच्या सुट्ट्या तेवढ्या साइटवरून म्हणाले होते ना साहेब? लाइनीतून चौघींनाच सुट्टी, जी आधी भरंल तिला. हिनं फोन लावू लावू बोटं झिजवली नि तिकडं चौघी भरल्या. नवस मोडला तिचा."

हसणाऱ्यांनी माना डब्यात घातल्या.

"जाऊ दे गं," लंकाबाई म्हणाल्या.

"काय जाऊ दे? नात सातव्या महिन्यात झाली, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. तेव्हा ही बोलली होती वणीच्या देवीला, पाच वर्षं चैतात चालत येईन, खंड पडू देणार नाय. तीन वर्षं गेली. चौथ्याला फोन लागंना. आता म्हणते, पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

"मग कोणाला विचारायचं तरी होतं, मावशी," चैताली म्हणाली. आवाज जरा खाली आला होता.

"विचारलं सुपरवायझरला. ते म्हणले, फॉर्म भरला नाय तर माझ्या हातात काय नाय. आणि दुसऱ्या कोणाला विचारायचं? मला वाटलं सगळ्यांचा लागत असंल, आपलाच लागत नाय." एवढं बोलून त्यांनी फोनचं कव्हर सोडवलं. आत कुंकवाची छोटी पुडी होती, देवीचा नखाएवढा फोटो होता आणि चौघडी केलेला कागदाचा कपटा. "हे बघा, नीट उतरवला का नाय मी?"

कपट्यावर निळ्या शाईनं लिहिलं होतं: 'सुट्टीसाठी', आणि खाली तो आकडा. ठिपके इतके बारीक की असून नसल्यासारखे. 'सु'चा उकार लांब ओढलेला.

तसा उकार कंपनीत एकच माणूस ओढायचं.

चैतालीनं कपटा परत घडी करून दिला. "नीट उतरवलाय, मावशी," ती म्हणाली, आणि कोणाकडे न बघता उठली.

संध्याकाळी घरी जाताना बस शिंदे-पळशाच्या पुढे आली तरी तिला तेच दिसत होतं. गेल्या वर्षी कंपनीत लागून दोनच महिने झाले होते. हर्षल सरांनी सांगितलं होतं, बायकांना पत्ता लिहून दे. घाईघाईनं तिनं पंचवीस कपटे लिहिले आणि सुपरवायझरच्या हाती देऊन मोकळी झाली. पत्ता कशात लिहायचा, फोनच्या कुठल्या चौकोनात, वायफाय लागतं का, यातलं एक अक्षर तिनं लिहिलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं नव्हतंच.

नाशिकरोडला घरी पोचली तेव्हा आई तुळशीपुढे दिवा लावत होती. चैतालीनं चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं.

आईनं वात सारखी केली.  मग म्हणाली, "मुद्दाम केलं नाहीस, हे देवाला कळतं."

"पण?"

"पण कोणाचा नेम आपल्या हातून मोडला, तर नुसतं वाईट वाटून तो फिटत नाही गं. काहीतरी उचलावं लागतं." आणि पोळीची कणीक मळायला ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चैताली पुन्हा त्या टेबलाशी होती. "साइटला नाव ठेवायचंय," ती म्हणाली. "आता आकडा नको. तुम्ही सांगाल ते नाव."

"आम्ही?" मोहिनीनं भुवया उडवल्या. "बारसंय का? मग घुगऱ्या कुठंयत? पाळणा कुठंय?"

"घुगऱ्या मी आणते सोमवारी. नाव सांगा."

मग काय, उधाण आलं. कोणी 'गोदामाई' म्हणालं, कोणी 'सुट्टीबाई'. एकीनं आपल्या सासूचं नाव सुचवलं. "तीबी कधीच उघडून बोलत नाय!" हसून हसून एकीला ठसका लागला. लंकाबाई डबा धुऊन आल्या आणि पुसता पुसता म्हणाल्या, "दार म्हणा."

"दार?"

"दारच ना ते. मी गेल्या साली दारात उभी ऱ्हायले, कडी वाजवली, आतून कोणी आलंच नाय. दार कुठंय तेच मला कळलं नव्हतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आज उकाडा फार आहे म्हणावं तसं त्या म्हणाल्या.

मोहिनी एवढंच म्हणाली, "आत्या बोलली. ठरलं."

हर्षल सरांना नाव पटेना. "दार? हे काय नाव झालं? पुण्याचे लोक आले तर काय म्हणतील? 'कनेक्ट'ला एक वजन आहे."

"सर, कनेक्ट त्यांना टाइप करता येणार नाही. मला तिघींच्या बावीस करायच्यात. पुण्याच्या लोकांसाठी कनेक्टही ठेवते. एकाच घराला दोन नावं असू शकतात."

सरांनी खांदे उडवले. "सोमवारी बावीस दिसल्या पाहिजेत. नाहीतर माझं नाव 'दार' ठेवतील तिकडं."

चैतालीनं ती ओळ लिहिली. इंग्रजीत कोणी एक 'ए' लावेल, कोणी दोन, म्हणून दोन्ही लिहून ठेवले. स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. उघडलं. अर्ध्या तासाचंच काम होतं ते.

पण कॅन्टीनमध्ये लंकाबाईंच्या फोनवर 'दार' लिहिलं, तर फोन गेला जगभर शोधायला आणि घेऊन आला दारांचे फोटो. सागवानी दारं, लोखंडी दारं, पितळी कड्यांची दारं, खाली किमती.

"अगं बया," लंकाबाई म्हणाल्या, "हे तर दुकानात घेऊन गेलं. चांगलंय पण. हे बघ, गणपती कोरलेलं."

बायका फोनवर ओणवल्या. कोणाला जाळीचं दार आवडलं, कोणाला दोन फळ्यांचं. चैतालीच्या कपाळावर घाम आला. एकच शब्द लिहिला की फोनला वाटतं, हा प्रश्न विचारतोय. पत्ता आहे हे त्याला कळावं लागतं. तिनं नावापुढे एक तिरकी रेघ मारून पाहिली. निळी पट्टी सरकली आणि कंपनीची साइट समोर आली.

"ही रेघ विसरायची नाही," ती म्हणाली. "दार लिहायचं, आणि पुढे ही तिरकी रेघ."

"म्हंजी उंबरठा," लंकाबाई म्हणाल्या. "दार आलं की उंबरठा आलाच. ओलांडल्याबिगर आत कसं जाणार?"

त्या दिवसापासून सगळी लाइन तिला उंबरठाच म्हणू लागली. "माझं उघडंना गं." "उंबरठा दिलास का?" "राहिला बघ."

लंकाबाईंची आणखी एक अडचण होती. फोनची काच त्यांची गुळगुळीत बोटं ओळखतच नसे. एक अक्षर उमटायला चार वेळा दाबावं लागे. चैतालीनं त्यांना बोट ओलं करून किंचित पुसायला शिकवलं. शनिवारी अख्खी जेवणाची सुट्टी दोघी शेजारी बसून होत्या. डी, ए, आर, उंबरठा. पुसून टाकायचं, पुन्हा डी, ए, आर, उंबरठा. सहाव्या वेळी एका दमात उघडलं तेव्हा लंकाबाईंनी फोन कपाळाला लावला.

तेव्हाच चैताली हळू आवाजात म्हणाली, "मावशी, सोमवारी गर्दी होईल. चारच जागा आहेत. मला आतून तुमचं नाव आधीच घालता येतं. कोणाला कळणारही नाही."

लंकाबाईंनी मान हलवली. "नको पोरी. आतून कोणी कडी काढून घेतलं, तर बाकीच्या बाहेर उभ्या ऱ्हातील ना. माझ्यासारख्या." बोट पदराला पुसत म्हणाल्या, "आणि नवसाचं हाय. चोरून नको."

"पण आता पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून? गुडघे दुखतात तुमचे. देवी काय मोजत बसलीय?"

"देवी कशाला मोजंल? तिच्याकडं वही नाय. बोलले मी होते. खंड पडू देणार नाय असं मी बोलले. मग बोललेलं माझं मीच मोजायला नको?"

चैतालीनं पुढे आग्रह केला नाही. ती नुसती म्हणाली, "बोट ओलं ठेवा."

सोमवारी तिनं घरून घुगऱ्या आणल्या, खोबऱ्याचे काप घातलेल्या. पण एक वाजायला पाच मिनिटं असताना डब्याकडे कोणी बघितलं नाही. बावीस बायका बावीस फोन घेऊन बसलेल्या. लंकाबाईंपुढे पाण्याची वाटी. मोहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्यानं मोजत होती. चैताली भिंतीला टेकून उभी होती, हात मागे बांधून. आज आपण हात लावायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"वाजला!"

लंकाबाईंनी बोट बुडवलं, पुसलं. डी. ए. आर लागेना. पुन्हा. लागला. उंबरठा. पानावर गोल चक्र फिरायला लागलं.

फिरतच राहिलं.

"माझं झालं!" पलीकडून एक ओरडली. एक जागा गेली. लगेच दुसरीचं झालं. लंकाबाईंचं चक्र फिरतच होतं. त्यांनी मान वर केली आणि चैतालीकडे पाहिलं. रोज सकाळी हजेरीच्या यंत्राकडे बघायच्या, तशाच. चैतालीचे हात सुटले, पाऊल पुढे पडलं, आणि तेवढ्यात मोहिनी ओणवून ओरडली, "मावशे, वायफाय! तू बाहेरच्या नेटवर हायेस! सकाळी नातीशी बोललीस ना व्हिडिओवर, तेच चालू हाय! गावाबाहेर उभी राहून दार कसं उघडंल?"

मोहिनीनं हात लावला नाही. नुसतं बोट दाखवलं, "वरून खाली ओढ. तो पंखा हाय ना, त्याच्यावर दाब." लंकाबाईंनी ओढलं, दाबलं. परत बोट बुडवलं. डी, ए, आर, उंबरठा.

उघडलं.

फॉर्मवर प्रत्येकीचं येतं तसं त्यांचं नाव आपोआप आलं. तारीख निवडली. 'कारण' असं लिहिलेल्या चौकोनापाशी त्या घटकाभर थांबल्या, आणि एकेक अक्षर दाबत दोनच अक्षरं लिहिली. वणी. मग 'पाठवा'.

हिरव्या अक्षरांत आलं: 'आपला अर्ज मिळाला. क्रमांक ४.'

मोहिनीनं स्वतःचा फोन टेबलावर उलटा ठेवला. तिचं पान पाठवायच्या बटणापर्यंत येऊन तसंच राहिलं होतं. चैतालीनं ते पाहिलं. "काय बघताय मॅडम?" मोहिनी म्हणाली. "माझी देवी घराजवळ हाय. घुगऱ्या काढा."

घुगऱ्या वाटून झाल्यावर, सगळ्या लाइनवर गेल्यावर, लंकाबाई वाटी धुवायला मागे राहिल्या. चैताली नळापाशी गेली.

"मावशी, तो कपटा मी लिहिला होता."

लंकाबाईंनी नळ बंद केला. "ठावं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या कार्डावर नाव तूच लिहिलंस ना. तसंच अक्षर. 'लं'चा ठिपका बारीक."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत? माझ्यामुळे तुमचं..."

"तू दोन महिन्यांची होतीस कंपनीत. कायम व्हायची होतीस." त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि तिच्या पाठीवरून फिरवला. रेघा नसलेली ती बोटं विलक्षण मऊ होती. "माझ्या नातीसाठी बोलले नवस, नि दुसऱ्याच्या लेकीची नोकरी घालवू? देवीला हे चाललं असतं व्हय?"

चैतालीला रडू आवरेना. लंकाबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे. तोंड धू. साहेब म्हणतील, साइटला नाव मिळालं नि बाई रडतीय."

संध्याकाळी हर्षल सरांनी साइट उघडलेल्यांची यादी पाहिली. बावीसच्या बावीस. ते खुशीत होते. ऑफिसवाल्यांच्या सुट्ट्यांच्या यादीत खाली एक अर्ज दिसला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "चैताली, तुझी पण सुट्टी? त्याच तारखा? कारण वणी? तुझा कसला नवस?"

"नवस नाही सर. एक वर्ष राहिलंय कोणाचं तरी. ते चालायचंय."

सरांना काही कळलं नाही, पण त्यांनी मंजूर केलं.

चैत्रातल्या त्या पहाटे चैताली लंकाबाईंच्या अंगणात उभी होती. पायांत साधी चप्पल, पाठीला छोटी पिशवी, आईनं दिलेलं खण-नारळ तिच्यात. पलीकडच्या घरांतून माणसं निघत होती, कोणीतरी संबळ वाजवून पाहत होतं. चार वर्षांची वैष्णवी आजीच्या निऱ्यांना धरून झोपेतच उभी होती.

"तू खरंच आलीस," लंकाबाई म्हणाल्या.

"यंदाचं वर्ष तुमचं, मावशी. गेल्या वर्षीचं राहिलेलं मी चालते, माझ्या पायांनी. खंड पडला नाही असं धरायचं का?"

लंकाबाईंनी नातीला तिच्या आईजवळ दिलं, फोनचं कव्हर उघडून पुडीतलं कुंकू चैतालीच्या कपाळी लावलं, आणि आतला कपटा सरळ करून त्याची पुन्हा घडी घातली.

"आता तो कशाला ठेवता? टाकून द्या ना."

"ऱ्हाऊ दे," लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी तो देवीच्या फोटोमागे सारला. "तुझं पाऊल नि माझं पाऊल, कसं धरायचं ते वर गडावर गेल्यावर तिलाच विचारू. तिचा नंबर हायच आपल्याकडं."

आणि उजवं पाऊल पुढे टाकून त्या अंगणाबाहेर पडल्या.